एकतीस बाइटची सही

प्रकार: चूक. लांबी: एक बाइट.

पल्लवीला ती सांगलीत सापडली, विश्रामबागेतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, दुपारी साडेतीनला. तीही दुसऱ्याच्या कोडमध्ये.

डिजिटल सही म्हणजे दोन मोठे आकडे. प्रत्येकाला बत्तीस बाइट, म्हणजे बत्तीस घरं. एखादा आकडा लहान निघाला तर पहिल्या घरात शून्य बसवायचं, कारण शून्यालाही जागा लागते. सहकाऱ्यानं ते शून्य गाळलं होतं. आकडा एकतीस घरांत आटोपला, मागचं सगळं एक घर पुढं सरकलं आणि खरी सही खोटी ठरली. सव्वाशे सह्यांत एखादीच अशी निघते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तिनं त्याला दोन ओळींत समजावून लिहिलं. लिहिता लिहिता हात थांबला. असंच कोड तिनंही लिहिलं होतं. चार वर्षांपूर्वी, घरच्यांसाठी.

प्रकार: घर. लांबी: सांगायला लागेल तेवढी.

पल्लवीचे वडील लालासाहेब, घरचे आण्णा, विट्याचे गलाईवाले. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं. तिकडं तमिळनाडूत, सेलमला त्यांचं दुकान. वय झाल्यावर ते विट्याला परतले आणि दुकान थोरल्या मुलाकडं, इंद्रजितकडं आलं. एकदा कुणीतरी इंद्रजितच्या नावानं खोटा निरोप धाडून सोन्याची लगड उचलून नेली. तेव्हा पल्लवीनं एक ॲप बनवलं. इंद्रजितच्या प्रत्येक निरोपावर त्याच्या फोनमधल्या गुप्त किल्लीची सही व्हायची, आणि आण्णांच्या फोनवर दोनपैकी एक उत्तर यायचं: जुळली, किंवा जुळत नाही.

आण्णा लय खूश. "ह्यो आपला कसाचा दगड हाय बघ," असं येईल-जाईल त्याला सांगायचे. गलाईवाल्याचा माणसावर विश्वास नसतो, कसावर असतो. सख्ख्या भावानं आणलेलं सोनंही आधी घासून बघायचं, आणि भावानंही त्याचा राग धरायचा नाही, ही त्यांची रीत.

मग इंद्रजित म्हणाला, "आण्णा, ह्या धुरानं छाती खल्लास झाली. दुकान बंद करतो. साताऱ्याला काहीतरी बघतो."

"आमच्या छात्या काय लोखंडाच्या हुत्या व्हय रं? दुकान बंद करायचं आसंल तर मला इचारल्याबगार घरी पाय ठिवायचा न्हाई."

त्यानंतर आण्णांनी त्याचा फोन उचलला नाही. दुकानाच्या ॲपवर तेवढे त्याचे निरोप यायचे. अमुक लगड, अमुक शुद्धता. जुळली. जुळली. जुळली.

प्रकार: फोन. लांबी: चाळीस सेकंद.

गेल्या वर्षी, सतरा सप्टेंबर. पल्लवी मीटिंगमध्ये होती.

"पले, इंद्रजितच्या नावानं कायतरी आलंय. जुळत न्हाई म्हणतंय."

"मग तो नव्हेच, आण्णा. मशीन खोटं कशाला बोलेल? पुसून टाका."

"पुसू म्हणतीस?"

"पुसा हो. मीटिंग चालू आहे."

काय आलंय, हे तिनं विचारलं नाही.

प्रकार:

इथं काय लिहायचं? इंद्रजित सत्तावीस ऑक्टोबरला वारला, सेलमच्या दवाखान्यात. फुप्फुसं. आई, अंजना, तेव्हापासून एकच वाक्य धरून बसली आहे: "मला फोनवर मजेत हाय म्हणायचा. लय ताठ. येऊ का म्हून एकदाबी इचारलं न्हाई त्यानं."

प्रकार: निरोप. लांबी: दहा शब्द.

पुसलेले निरोप सर्व्हरवर राहतातच. पल्लवीनं तो काढला, गाळलेलं शून्य जागेवर ठेवलं आणि पुन्हा तपासलं.

आण्णा, छातीत लय दुखतंय. मिरजेला दाखवीन म्हणतो. येऊ का घरी?

जुळली.

प्रकार: कबुली. लांबी: माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासगावमार्गे जाणाऱ्या गाडीनं ती विट्याला गेली. आण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. आत आई भाकरी थापत होती. पल्लवीनं एसटीत सगळं पाठ केलं होतं: शून्य, घरं, सव्वाशेत एक. हळू आवाजात तिनं ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "तो निरोप खरा होता. चूक माझी आहे, आण्णा. माझ्या कोडमुळं—"

आण्णांनी पेपरची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली.

"ते जुळत न्हाई म्हणायचं गं अधनंमधनं. म्हैन्याला एकदा तरी व्हायचंच."

"काय?"

"मी दुकानावर 'परत पाठव' म्हून टाकायचो. दुसऱ्या खेपंला जुळायचं."

पल्लवीला आधी कळलंच नाही. मग कळलं. दर वेळी सही नवी होते, आकडे नवे येतात, दुसरी जुळणारच. "इतकी वर्षं? मला का नाही सांगितलं?"

"तुला कशाला तरास? जुळायचं की."

"मग त्या दिवशी परत पाठव का नाही म्हणालात?"

आण्णांनी पेपरची घडी मांडीखाली सारली.

"परत आलं आसतं आन् जुळलं आसतं, तर ये म्हणावं लागलं आसतं. म्हून तुला फोन केला. तू पुस म्हणालीस. मला बरंच वाटलं बघ. तुझं कोड ऱ्हाऊ दे पोरी. मी वाचलं हुतं ते."

तिनं हात पुढं केला, पण त्यांनी तो घेतला नाही.

"आईला मी सांगते," ती म्हणाली.

"न्हाई. तू न्हाई."

ते उठले आणि भिंत धरून आत गेले. पल्लवी ओट्यावरच थांबली. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग आण्णांचं बोलणं, तुटक. शब्द नीट कळत नव्हते. थापणं थांबलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. ती कुणी उलटली नाही.

"आवं," आईचा आवाज आला. त्यात राग नव्हता. "कुठल्या तारखंला म्हणालासा?"

"सतरा सप्टेंबर."

आई बोटांवर मोजत असावी. मधेच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

"म्हंजी चाळीस दिस," ती म्हणाली. "चाळीस दिस हुतं की वं आपल्याकडं."