उघड्या पाठीचा झगा आणि मी

मी बोलतेय, खिडकीखालची शिलाई मशीन. बोलतेय कसली, खडखडतेय! मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी घरात एवढी रडारड झालीच नसती.

कुठल्या कारखान्यात माझे भाग जुळवले, कुणी मला काळा रंग दिला, ते विचारू नका. मला आठवतं ते आईपासून पुढचं. घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिने दोन लेकरांचे कपडे माझ्यावर शिवले, पडदे शिवले, अर्ध्या गल्लीच्या साड्यांना फॉल-बिडिंग केलं. माझ्या पायडलवर तिचा पाय पडला की मी अशी गुणगुणायची, की पाळण्यातलं पोर झोपी जावं.

पण बाई शिस्तीची! कापड दाबून धरणारा माझा जो छोटा पाय असतो ना, तो शिवून झालं की चिंधीवर खाली टेकवायचा, मगच मला झाकायचं. पोरांपैकी कुणी तो वर ठेवला की संपलंच. "पाय खाली! दात झिजतात मशीनचे!" लेक तर हे ऐकतच मोठी झाली. सदा घाईत, म्हणून तिचं नाव धांदल. बाकी सगळं विसरेल, पण पाय खाली हे नाही.

आणि एक दिवस आईला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मी खोळीखाली बसून घरातली धावाधाव नुसती ऐकत राहिले.

बऱ्याच दिवसांनी माझी खोळ निघाली. समोर धांदल, डोळे सुजलेले. शेजारच्या काकू बरोबर होत्या. त्यांना सांगत होती, "संध्याकाळी आईला घरी आणतोय. तो हॉस्पिटलचा झगा पाठीवर उघडा असतो हो. ती सारखी डावा हात मागे नेऊन पाठ झाकत बसते. दुकानातून आणलेला गाऊन घालायला गेलो, तर हात वळेना, कळवळली नुसती. मी तिला शब्द दिलाय, या झग्यात तुला जिना चढवणार नाही म्हणून."

बेत चांगला होता. रात्रीचा सैल सदरा, पुढून उघडा, उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत मोकळी, बांधायला नाड्या. हात उचलायलाच नको. कापडही आईचंच, माझ्या खणात जपून ठेवलेलं मऊ सुती. बेताचंच होतं. धांदलीने कधी नव्हे ते दोनदा मापून कापलं.

मग तिने मला ओवलं. पाय खाली ठेवून!

अगं बाई, नाही! वर कर तो आधी! पाय खाली असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या माझ्या दोन चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. दोरा आत शिरतच नाही, वरच्यावर लोंबतो. पण हे सांगू कशी? आई ओवायची तेव्हा डाव्या हाताने मागची, पाय वर करणारी खटकी उचलायची, इतक्या सवयीने की कुणाच्या नजरेतच आलं नव्हतं.

चार टाके पडले आणि खाली गुंता. कापड उलटं केलं तर दोऱ्याचं घरटं.

"बॉबिन उलटी असेल," काकू म्हणाल्या. बॉबिन काढली, घातली. गुंता. "तेल घाल." तेल घातलं. तेलकट गुंता! सुई बदलली, पट्टा ओढून पाहिला. गुंता खाली दिसतो ना, मग सगळे खालीच उकरत बसले. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर साहेब म्हणाले परवा येतो.

मी अडले, धडधडले, सुई मोडून दाखवली. जीव तोडून सांगत होते. आणि त्याच धडपडीत माझ्या पायाखालच्या दातांनी बगलेपाशी कापड गिळलं. धांदलीने ओढलं, टर्रकन भोक पडलं.

तिने माझ्यावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. "एवढं एक काम होतं गं माझ्याकडे," म्हणत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिन्यात पावलं वाजली. धांदलीच्या दादाने आणि गाडीवाल्याने आईला खुर्चीत बसवून वर आणलं. अंगात तोच झगा, वर चादर गुंडाळलेली. डावा हात पाठीमागे.

"आई, नाही गं झालं," धांदल म्हणाली.

"अगं, जाऊ दे. तिला आधी पलंगावर घेऊ," दादा म्हणाला.

धांदल रागारागाने पुन्हा बसली आणि पायडल हाणलं. मी खडखडले. खरं सांगते, इतक्या जोरात मी आयुष्यात खडखडले नव्हते.

"उं... उं!" आई.

"पाणी हवंय? दुखतंय का?" दादा घाबरला. आई मान हलवत होती, माझ्याकडे झुकत होती. खुर्ची जवळ आणली. तिने पाठीवरचा हात सोडला, चादर घसरली, तिने पर्वा केली नाही. हात माझ्यामागे नेला आणि खटकी उचलली.

धांदलीने चटकन पाय खाली टाकला. "आई, राहू दे ना. दात झिजतात."

आईने पुन्हा उचलला. हिने पुन्हा खाली! मी म्हटलं, आता मात्र कपाळ फोडून घ्यावं. तेव्हा आईने लेकीच्या हातावर फाडकन चापट मारली, पाय वर केला आणि दोरा उपसून तिच्या हातात दिला.

धांदल बघतच राहिली. "ओवताना... वर ठेवायचा?"

आईचे डोळे भरून आले. दोरा चकत्यांत सर्रकन बसला. मी गुणगुणले.

सदरा त्याच संध्याकाळी झाला, बगलेला ठिगळ लावून. नाड्या बांधून झाल्यावर आईने डावा हात पाठीमागे नेला, सगळीकडे चाचपून पाहिलं, आणि मग तो हात मांडीवर आणून ठेवला.

तिचे शब्द अजून परत आलेले नाहीत. डॉक्टर काही सांगत नाहीत आणि घरात कुणी विचारतही नाही. दुपारी तिची खुर्ची माझ्याशेजारी असते, धांदल शिवते, आई ऐकते. माझं एकच मागणं आहे, धांदल. मी खडखडले की खाली उकरत बसू नकोस. आधी आईच्या हाताकडे बघ. तो एकच राहिलाय गं आम्हा दोघींच्या वतीने बोलायला.