शेवटचे थेंब

ब्युरेटच्या काचनळीच्या टोकाशी थेंब आधी लांबतो, मग वरच्या बाजूने बारीक होतो आणि सुटतो. खाली फ्लास्कमध्ये गुलाबी रंग क्षणभर दिसतो आणि हलवल्यावर विरतो. तो विरायला उशीर होऊ लागला की हात आवरायचा.

चिमणीचा हात आवरला नाही. फ्लास्क गडद गुलाबी झाला. तिचे डोळे मात्र उघडे होते.

"चिमणे."

"बघतेय की."

"काय बघतेयस? सरबत झालंय त्याचं."

चिमणी ओशाळून हसली. "शेवटचे थेंब तूच घाल ना, मास्तरीणबाई. नेहमीसारखे."

प्रयोगातली जोडीदारीण काटेकोर, म्हणून चिमणीने तिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं. दोघींची खोलीही एकच. गेल्या वर्षी वर्गात पहिली आलेली चिमणी या सत्रात दोन विषयांत नापास झाली होती, आणि प्रयोगांतले शेवटचे थेंब कित्येक दिवस मास्तरीणच घालत होती. पण पुढच्या आठवड्यातल्या परीक्षेत जोडी नव्हती. प्रयोग चुकला तर लेखी पेपरला बसता येणार नव्हतं.

"आज तूच कर," मास्तरीण म्हणाली.

चिमणीने फ्लास्क धुऊन पुन्हा सुरुवात केली. थोड्या वेळाने तिचा हात बाजूला सरकला. थेंब टेबलावर पडत राहिले आणि ती फ्लास्क हलवत राहिली. मास्तरणीने पुढे होऊन ब्युरेट बंद केली.

खोलीवर येताच चिमणी पलंगावर आडवी झाली. झोपली नाही, मोबाइल उघडला. त्यात कुठल्याशा शहरातली एक अनोळखी मुलगी कॅमेरा चालू ठेवून टेबलाशी बसून अभ्यास करत होती. चिमणी रात्रभर अशाच मुली बघायची. एक उठली की दुसरी.

"लोकांचा अभ्यास बघून कुणी पास होतं का गं?" मास्तरणीने सुरुवातीला गमतीने विचारलं होतं.

"बरं वाटतं. आपण एकटेच मागे पडलो नाही, असं."

मास्तरणीचा फोन वाजला. चिमणीची आई. लेक उचलत नसली की त्या इकडे करायच्या.

चिमणीने हातानेच खूण केली, वाचनालयात आहे म्हणून सांग. मग दबक्या आवाजात, "बाबांना कळलं तर कॉलेज बंद. आणि मग मला तोंड दाखवू नकोस."

हे ती दर वेळी म्हणायची.

"बाळ, चिमणी झोपते ना गं वेळेवर?" आई विचारत होत्या. "इथं सगळ्यांच्या आधी उठून किलबिल करायची. म्हणून तर चिमणी."

दर वेळी मास्तरीण म्हणायची, हो काकू, अभ्यास जोरात चाललाय.

तिने पलंगाकडे पाहिलं. चिमणी मान हलवत होती, नको, नको. पडद्यावरच्या मुलीने पान उलटलं.

"काकू, ती झोपतच नाही," मास्तरीण म्हणाली. "उभ्या उभ्या, उघड्या डोळ्यांनी शुद्ध हरपते तिची. तुम्ही या, आणि तिला घरी घेऊन जा."