कुणाच्या भिंतीवरचं घड्याळ

धाकट्याने तीन आठवड्यांत तीन घड्याळं केली आणि तिन्ही चुकीची ठरली. हाडाचा सुतार, पण घड्याळ अंगठ्याएवढं. सागाच्या तुकड्यातून पेटी कोरायची, टाचणीच्या डोक्याचा लंबक करायचा, केसाएवढे काटे चिमट्याने बसवायचे. श्वास जोरात सोडला की मिनिटकाटा गायब! हा खटाटोप कशासाठी, तर लहानपणीच्या भाड्याच्या दोन खोल्या आईला नकळत बाहुलीघराच्या मापात उभ्या करायच्या आणि आईने त्या बघून म्हणायचं, "हेच आपलं घर." त्याच्या कामाला आई आजवर "बरं झालंय" यापलीकडे काही म्हणाली नव्हती. तेवढ्या एका वाक्यासाठी पन्नाशीचा माणूस डोळ्याला भिंग लावून बसला होता.

ताई म्हणाली, "उंच होतं रे घड्याळ, कपाटाशेजारी." दादा म्हणाला, "काहीतरीच! गोल होतं, दारावर." धाकट्याला आकार आठवेना, ठोके मात्र आठवत होते, अगदी उशीजवळ, खणखणीत. त्याने उंच केलं तर दादा रुसला, गोल केलं तर ताई. चौकोनी केल्यावर दोघं एक होऊन त्याच्यावर तुटून पडली. तीन तिघाडा, काम बिघाडा. मग जुना फोटो सापडला. त्यात कपाट होतं, दार होतं, भिंती मात्र कोऱ्या.

"तेव्हा दुरुस्तीला गेलं असेल," ताई म्हणाली. ताई काही हार मानणाऱ्यातली नाही.

धाकट्याचं डोकं पार भंजाळलं. जी वस्तू डोळ्यांसमोर येत नाही, तिचे ठोके कसे ऐकू येतात? आपल्याला भ्रम तर होत नाहीये ना, अशी त्याला खरंच भीती वाटली. शेवटी गुपित गेलं खड्ड्यात म्हणत त्याने आईलाच आणून समोर बसवलं. काखेत कळसा, गावाला वळसा!

आईने चष्मा पुसून पाहिलं. "बरं झालंय," ती म्हणाली. "पण आपल्याकडे घड्याळ होतंच कुठे?"

ताईने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"अगं, ठोके पडायचे की!" दादा म्हणाला.

"ते शेजारच्या शिलाईवाल्या काकूंचं."

कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आईचा आणि काकूंचा अबोला झाला होता, तो अकरा वर्षं टिकला. मुलांना त्या घरात पाऊल टाकायची बंदी होती. एवढं तिघांना माहीत होतं, पुढचं नाही.

"भांडणाआधी मी रोज सकाळी हाक मारून तिला वेळ विचारायची," आई म्हणाली. "मग हाक बंद झाली. चौथ्या दिवशी ठोके एकदम जवळून यायला लागले. तिनं घड्याळ काढून मधल्या भिंतीवर लावलं होतं. तुमची शाळा चुकू नये म्हणून, दुसरं काय? ती काही बोलली नाही, मीही नाही."

धाकट्याने भिंतीपलीकडे काकूंची खोली केली. आईने सांगितलं तसं अष्टकोनी घड्याळ, खालच्या फुटक्या काचेला पुठ्ठा. खिडकीशी उजेडात शिलाई मशीन, समोर स्टूल. मधल्या भिंतीवर घड्याळ चिकटवून त्याने आईला पुन्हा बोलावलं आणि मनात आलं, आता तरी म्हणेल.

आईने आधी स्टुलाला बोट लावलं, मग खिडकीला, मग मागे वळवून घड्याळाला. बोट तिथेच थांबलं.

"काही चुकलं का?" धाकटा गोंधळला.

"आधी घड्याळ खिडकीवर होतं. शिवताना मान वर केली की तिला दिसायचं." आई म्हणाली. "नंतर मी दारावरून जायची, तेव्हा ती मशीन थांबवून मागे वळून आपल्या भिंतीकडे बघत असायची. दिवसातून दहादा. मी तुमच्या बाबांना सांगायची, अजून राग गेला नाही बघा बाईचा."