छातीचं नाव नोको घेऊ

खुशबूचं लग्न जुळलं ते दोन हजार तेवीस साल. मुर्रीच्या धनीराम रहांगडालेची ती शेंडेफळ मुलगी. सोयरीक सालेकशाच्या केवळरामाच्या मुलाशी ठरली. साखरपुडा झाला आणि लगेच मुर्रीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं. खुशबूची आई रुख्माबाई हिला बाजूचं दिसेनासं झालं होतं. केवळरामाच्या बायकोचंही, पुष्पाबाईचंही, तेच. तीही सालेकशाहून आली आणि दोघी विहिणी एका रांगेत बसल्या.

रुख्माबाईला तरुणपणापासून दमा. मळणीत धान चुरताना छाती शिट्टीसारखी वाजायची. आईचा दमा पोरीत उतरतो, असं लोक धरून चालतात. अशा घरची मुलगी कोण करणार? धनीरामाने तिच्या कानाशी लागून बजावलं, "छातीचं नाव नोको घेऊ वं. ईहीण बाजूले हाय."

"डोळे दाखवाले आली मी. छाती कायले दाखवू?"

डॉक्टरने तपासून काचबिंदू सांगितला. थेंब रोज टाकले तर आहे ती नजर टिकेल, म्हणाला. मग विचारलं, "दमा है, माताजी? साँस फूलती है?"

रुख्माबाईने तोंड उघडायच्या आत धनीराम बोलला, "कुछ नहीं साहब. बैल जैसी है."

पुष्पाबाई खुदकन हसली. रुख्माबाईही हसली.

थेंब सुरू झाले. तिची धाप वाढत गेली. धनीराम म्हणाला, धानाचा भुसा आहे. गावच्या डॉक्टरने विचारलं, आणखी कोणतं औषध चालू आहे? धनीराम म्हणाला, कोणतंच नाही. डोळ्यातल्या थेंबाला औषध म्हणायचं, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. रुख्माबाई मात्र एक थेंब चुकवत नव्हती. मांडवात पोरीचं तोंड नीट दिसलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

लग्न तोंडावर आलं असताना तिला गोंदियाच्या दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला नळी लावली तरी श्वास पुरेना. पुष्पाबाई भेटायला आली. उशाशी ठेवलेली बाटली उचलून तिने डोळ्यांजवळ नेली.

"हे कोन देलं ईहीणबाईले? हे दम्यावाल्याले चालत नाई. मले डॉक्टरनं हेच दाखवून नाई म्हनलं, दुसरी देली."

धनीरामाने विचारलं, "तुमाले कायले दुसरी?"

"मले दमा हाय ना. तुमच्यासमोर बोलली असती त सोयरीक मोडली असती. लाईन सुटल्यावर मांगून गेली, कानात सांगतलं त्याले."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?" धनीराम ओरडला.

"तुमी त बैल म्हनलं होतं तिले."

ओरडा ऐकून आलेल्या नर्सने थेंब बंद केले, डॉक्टरला बोलावलं, सुया दिल्या. उशीर झाला होता.

रुख्माबाई त्याच वर्षी मार्गशीर्षात, खुशबूला हळद लागायच्या आदल्या दिवशी सकाळी, गोंदियाच्या दवाखान्यात वारली.