काटा मला कळला होता

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथले आता काही आठवत नाही. आठवते ती सौंसरच्या बाजारातली दुकानाची फळी आणि सुचिताताईंचा हात. त्यांनी माझा तळ वाकवून पाहिला आणि मला व माझ्या डाव्या भावाला नवऱ्यासाठी घरी आणले.

त्यांचे पती गौतमभाऊ नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते. त्यांना साखरेचा आजार निघाला, तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. ते चालू लागले, मग धावू लागले. सकाळी संत्र्याच्या बागांच्या कडेने आम्ही मोहगावच्या रस्त्याला लागायचो. घरी आल्यावर ते मला फडक्याने पुसत. माझे ते सुखाचे दिवस.

पण एका संध्याकाळी दोघे बाजारातून वाद घालतच परतले.

“चप्पल मांगं राहिली अन् तुम्ही तसेच चालून राहिले! पायाले कळत नाही का तुमच्या?”

“ध्यान नव्हतं माहं,” म्हणत गौतमभाऊ हसले. सुचिताताई हसल्या नाहीत.

त्याच हिवाळ्यात गावातल्या काही मंडळींनी सौंसर ते रामाकोना मॅरेथॉन ठरवली. साखरेचा आजार असलेल्या गरीब लेकरांच्या इन्सुलिनसाठी पैसा उभा करायचा होता. जो शेवटपर्यंत पोचेल, त्याच्या नावाने दुकानदार देणगी देणार होते. शेजारच्या प्रमिलाबाईंची डिंपल लहानपणापासून इन्सुलिनवर होती. तिच्यासाठी गौतमभाऊंनी नाव दिले. तोवर माझा तळ झिजून पापडासारखा झाला होता. सुचिताताई नव्या बुटांसाठी मागे लागल्या, पण ते म्हणाले, “हेच पायात बसले हायेत. या खेपेले चालते.”

रामाकोना जवळ आले, तेव्हा मागून ट्रक आला म्हणून ते रस्त्याच्या कडेला उतरले. तिथे बाभळीची तुटलेली फांदी पडली होती. एक लांब काटा माझा तळ फोडून त्यांच्या पायात शिरला. मला वाटले, आता थांबतील, मला काढून पाहतील. ते थांबले नाहीत. पावलागणिक काटा खोल जात होता आणि माझ्या आत ओल वाढत होती. मित्रांनो, बुटाला ओरडता येत नाही.

पुढे प्रमिलाबाई धावणाऱ्यांना पाणी देत उभ्या होत्या. “भाऊ, पाय वाकडा पडून राहिला तुमचा. बसा न जरा.”

“काही दुखून नाही राहिलं, बाई,” ते म्हणाले. आणि ते अगदी खरे होते; त्या आजाराने त्यांच्या तळव्यांची जाणीवच गेली होती.

रामाकोन्यात हार घातले गेले, टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर मात्र मोजा पायाला चिकटलेला निघाला. सुचिताताईंनी काटा उपसला. “दवाखान्यात चला,” त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

“काट्यासाठी कोणी दवाखान्यात जाते का?”

त्यांनी हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी मलाच घालून कामावर गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. मग पाय सुजला, काळा पडला. त्यांना नागपूरला नेले, पण तोवर फार उशीर झाला होता. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

आता माझा भाऊ कुबड्यांच्या सोबतीने बाहेर जातो. मी खाटेखाली पडून असतो. मला टाकून द्यायला सुचिताताईंचा हात धजत नाही आणि माझ्याकडे त्यांना बघवतही नाही.

डिंपलला इन्सुलिन मिळते. शाळेतून येताना ती गौतमभाऊंकडे डोकावते. ते तिला समोर बसवतात, तिची पावले मांडीवर घेतात आणि बोटांच्या फटीसुद्धा उजेडात पाहतात. तळव्यावर बोट दाबून विचारतात, “कळते का, बेटा?”

“कळते, काका.”

तरी ते पुन्हा दाबून पाहतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाला हा आजार असेल. त्यांनी बूट घालण्याआधी आत हात फिरवून पाहा, तळ तपासा, रोज त्यांची पावले पाहा. ते म्हणतील, “काही दुखत नाही.” तेवढे त्यांचे ऐकू नका.