दोन बोटं सावली

शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर आला त्या मिनिटाला, विद्यापीठाच्या वेधशाळेच्या गच्चीवर उभ्या केलेल्या पुरुषभर उंचीच्या पाइपाची सावली दोन बोटं उरली होती. ती उत्तरेकडे पडली होती.

रूपालीने पुन्हा घड्याळ पाहिले. वेधशाळेचे लोकांसाठीचे कार्यक्रम तिच्याकडे होते. आजची तारीखही तिनेच काढून वर्तमानपत्रांना कळवली होती. विभागप्रमुखांना हे उपक्रम मुळातच नकोसे. ‘एकदा जरी हसं झालं, तरी हे सगळं बंद,’ असे त्यांनी सकाळीच सुनावले होते. आता गच्चीवर शंभरेक माणसे घाम पुसत पाइपाभोवती उभी होती आणि प्रमुख जिन्याच्या दारात.

“मॅडम, सावली आज रजेवर जाणार होती ना?” नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले. “अर्ज मंजूर झालेला दिसत नाही.”

हशा पिकला. बाजारात फुले विकून थेट इकडे आलेल्या मंगलाबाईंनी पाइपापाशी वाकून पाहिले. “हाय की गं बाई अजून. लय नाय, पण हाय.”

रूपालीने सावलीला बोटे लावून पाहिली. दोन बोटं म्हणजे सुमारे एक अंश. एक अंश म्हणजे तारखेत चार-पाच दिवसांची चूक. एवढ्या माणसांना तिने चार-पाच दिवस आधीच उन्हात उभे केले होते की काय? तिने मनात गणित मांडले. बरोबर आले. पुन्हा मांडले. तरी बरोबरच.

“तारीख चुकलेली नाही,” ती सहकारी महेशला दबक्या आवाजात म्हणाली. “वेळही नाही. मग उरलं काय?”

“पाइप. पण काल गुण्या लावून आपणच तपासलाय. चारही बाजूंनी काटकोन.”

“कशाशी काटकोन?”

“फरशीशी. आणखी कशाशी असणार?”

रूपालीने गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी काढली, तिला किल्ल्यांचा जुडगा अडकवला आणि हात लांब करून तो ओळंब्यासारखा लोंबता धरला. हेलकावे थांबले. दोरीची सावली कुठेच दिसेना. मुठीची सावली बरोबर किल्ल्यांवर पडली होती आणि दोरीची तिच्यातच पुरती बुडाली होती.

“काय चाललंय हे?” प्रमुख पुढे आले.

तिने बाटलीतले पाणी पाइपाच्या बुडाशी ओतले. ओघळ सावलीच्याच दिशेने निघाला आणि उत्तरेच्या कठड्याखालच्या भोकात गेला. प्रमुखांनी ओघळाकडे पाहिले, मग त्याच बाजूला कललेल्या पाइपाकडे.

“मग हे माइकवर सांगा,” ते म्हणाले. “आणि जुलैत सूर्य परत डोक्यावर येईल, त्याच्या आधी हा पाइप नीट करा.”

“जुलैत ढग असतात, सर.”

“ढग तुमच्या गणितात धरू नका. सांगा आधी.”

रूपालीने माइक हातात घेतला. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून गच्चीला उत्तरेकडे सुमारे एक अंशाचा उतार दिलेला होता. पाइप त्या उतरत्या फरशीशी काटकोनात उभा केला होता. त्यामुळे तोही तेवढाच उत्तरेकडे कलला होता. सूर्य डोक्यावर होता. पाइप ओळंब्यात नव्हता.