ढोलीची भिंत

पक्षीगृहाचे साहेब म्हणजे तिथल्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंचे सख्खे मामा. ही नोकरी त्यांनीच लावून दिलेली, त्यामुळे बाई एरवी तोंडात मूग धरून असायच्या. पण परवा त्या बोलल्याच.

पक्षीगृहात धनेशाच्या दोन जाती. एक राखी धनेश, घारीएवढा, कुठंही दिसणारा. त्याला कुत्रं विचारत नाही. दुसरा मोठा धनेश, पिवळ्या चोचीवर टोपी मिरवणारा. जंगलं तुटली तशी त्याची जात धोक्यात आली, म्हणून त्याच्या पिंजऱ्यापुढे फरशी, दिवे, सगळा थाट. माद्यांची रीत मात्र एकच. ढोलीत शिरायचं, शी आणि मातीनं आतून दार लिंपून घ्यायचं, पिसं गाळायची, अंडी उबवायची. नरानं फटीतून भरवायचं. मोठी मादी कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच बसली होती. बाईंचा सगळा जीव त्या फटीत अडकलेला.

आणि मोठे पाहुणे येणार म्हणून मामांचं फर्मान सुटलं, भिंत फोडा. पाहुण्यांनी काय नुसती फट बघायची? बाईंनी राखी जोडपं दाखवा म्हणून विनवलं. ते तर फुकट दिसतं, म्हणाले.

"मामा, तिला आत्ता उडता येत नाही. अंडं जाईल."

"बसेल की पुढच्या वर्षी. मला शिकवू नकोस."

पाहुण्यांसमोर रखवालदारानं छिन्नी लावली. मादी घाबरली, धडपडत बाहेर आली, तिच्याच पायाखाली अंडं फुटलं आणि ती धपकन खाली पडली. अर्धी टकली, शीनं बरबटलेली. एका पाहुणीनं नाकाला रुमाल लावून विचारलं, ही अशी सोलल्यासारखी का? आजारी आहे, मामा हसत म्हणाले, आमची भाची उपचार करतेय. बाईंना शिसारी आली. त्या हसण्याची, त्या सुगंधी रुमालाची, आणि पांढरा कोट घालून गप्प उभ्या राहिलेल्या स्वतःचीसुद्धा.

शेजारच्या ढोलीत राखी धनेशाची पिल्लं किरकिरत होती. जात स्वस्त, म्हणून वाचली मेली!

तेवढ्यात मोठा नर फळ घेऊन आला. भगदाडातून त्यानं ते आत सारलं, थेट फुटलेल्या बलकात. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा केवढी माया," मामा म्हणाले. "अशी जात टिकवलीच पाहिजे."

बाई पुढे आल्या आणि त्यांच्या चकचकीत बुटांवर भडभडून ओकल्या.